वीतभर खोल पुरलेली अंडी : डेलावेअर खाडीवरचे चार दिवस

२२ मे २०२४, बुधवार

आईला नायगरा दाखवून झाला, न्यूयॉर्क झालं, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासची देवळं झाली. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “आता एकदा नीट समुद्र दाखव बघू.” आई आंजर्ल्याची. अटलांटिक सिटीला मी तिला नेलं होतं, पण तिथली दुकानं आणि रोषणाई तिच्या हिशेबी समुद्र नव्हताच. आणि मे संपायच्या आत मला न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाचं केप मे गाठायचंच होतं. गेली सहा वर्षं मी या दिवसांत डेलावेअर खाडीच्या न्यू जर्सीकडच्या काठावर हॉर्सशू क्रॅब या ढालीसारख्या कवचाच्या समुद्री प्राण्याच्या कामासाठी जाते. म्हटलं, या वेळी आईलाच घेऊन जाऊ.

गार्डन स्टेट पार्कवेने सव्वादोन-अडीच तास. वाटेत आईने मोबाइलवर पंचांग काढून घेतलं. “उद्या वैशाखी पौर्णिमा, म्हणजे उधाण. पंधरा तिथीची पाऊणपट, सव्वाअकराला भरती.” आमच्याकडचं हे गणित तिच्या जिभेवर असतं. इथे ते चालत नाही. भरती-ओहोटीचा तक्ता रात्री नऊच्या पुढची वेळ दाखवत होता. “खाडीचं तोंड वेगळं, गणित वेगळं,” असं म्हणून तिने ते लगेच मान्य केलं. पण उधाण ते उधाणच, आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. हॉर्सशू क्रॅबची मादी अंडी घालायला किनाऱ्यावर येते ती पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी पुरेसं कोमट झालेलं असलं तर, आणि लाटा फार नसल्या तर.

रीड्स बीचचा रस्ता मधल्या खाजणातून जातो. दोन्ही बाजूंना उंच गवत, चिखलाच्या नाळा, तोच ओलसर कुजका वास. आईने काच खाली केली. पुढे एका ओळीत घरं आणि त्यांच्यामागे खाडी. पलीकडचा डेलावेअरचा काठ दिसत नाही, त्यामुळे समुद्रच वाटतो. त्यात हा काठ पश्चिमेकडे तोंड करून आहे. अमेरिकेच्या या बाजूला सूर्य समुद्रातून उगवतो, पण रीड्स बीचला तो पाण्यात बुडतो, आंजर्ल्यासारखा. आई बराच वेळ त्याच्याकडेच बघत होती. पक्षी तिला नंतर दिसले.

किनाऱ्यावर जायला दोरी लावून बंदी आहे, ७ मे ते ७ जून. माणसांनी बघायचं ते फळ्यांच्या मचाणावरून. दोरीजवळ एक निवृत्त शिक्षिका स्वयंसेवक म्हणून उभ्या असतात. लहान मुलं, कुत्री सोडायला निघालेली माणसं, फोटोसाठी वाकणारे, सगळ्यांना त्या न थकता सांगतात की एक थवा एकदा उडवला तर त्याच्या खाण्याची किती मिनिटं वाया जातात. मला ओळखून त्यांनी दुर्बीण आईच्या हातात दिली.

“सगळी वाळूच हलतेय गो,” आई म्हणाली.

२३ मे, गुरुवार

सकाळची भरती चढत असतानाच मचाणावर पोचलो. प्रत्येक लाट मागे गेली की पाण्याच्या रेषेवर हिरवट दाण्यांची एक ओळ उरते. त्या ओळीवर पक्ष्यांची नुसती झुंबड. बहुतेक काळ्या डोक्याचे कुरव, त्यांचा आरडाओरडा कान किटवणारा. त्यांच्यामधून वाट काढत सँडरलिंग, डन्लिन, पाठीवर तांबडी-काळी नक्षी असलेले टर्नस्टोन. आणि विटेच्या रंगाच्या छातीचे रेड नॉट. ज्यांच्यासाठी ही सगळी दोरी आणि बंदी आहे, ते हे.

रेड नॉट हातात मावेल एवढा पक्षी. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, तिएरा देल फ्वेगोला हिवाळा काढणारे रेड नॉट सुमारे १५ हजार किलोमीटर उडून कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या भागात अंडी घालायला जातात. वाटेतला शेवटचा मोठा मुक्काम हा, मे महिन्यातला दोनेक आठवड्यांचा. येतो तेव्हा नुसता हाडांचा सापळा, वजन शंभरेक ग्रॅम, कधी त्याहूनही कमी. लांबच्या उड्डाणासाठी त्याचं पोटच आक्रसलेलं असतं, त्यामुळे एरवी तो सहज पचवतो ते शिंपल्यांचं कठीण कवच त्याला इथे आल्या आल्या दळता येत नाही. त्याला मऊ आणि चरबीचं काहीतरी लागतं. हॉर्सशू क्रॅबची अंडी अगदी तशी. दोन आठवड्यांत तो वजन जवळजवळ दुप्पट करतो. संशोधकांनी १८० ग्रॅमचा आकडा धरला आहे. मे अखेरीला तेवढं वजन न भरलेल्या पक्ष्याची पुढे तगायची शक्यता घटते. वर पोचल्यावर बर्फ अजून वितळलेला नसतो, खायला जवळजवळ काही नसतं, आणि इथे साठवलेल्या चरबीवरच पहिले दिवस काढायचे असतात.

आईने विचारलेला प्रश्न मला सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. “मादी अंडी पुरते ना? मग ही वर कशी आली?”

हाच या सगळ्याचा गाभा आहे. मादी वाळूत जवळजवळ वीतभर खोल जाते आणि एका वेळी चारेक हजार अंड्यांचा पुंजका पुरते. नॉटची चोच पेराहून जरा मोठी. त्याला तिथवर पोचताच येत नाही. टर्नस्टोन खड्डे उकरतो, त्याच्यामागून इतरांना थोडं मिळतं, पण ते पुरत नाही. अंडी वर येतात ती दुसरी मादी त्याच जागी पुरायला येते तेव्हा. तिच्या खोदण्याने पहिलीचा पुंजका उघडा पडतो, मग तिसरी येते, मग लाट येऊन ते सगळं ढवळते. वर आलेल्या अंड्यांतून तसंही पिल्लू निघणार नसतं, ऊन त्यांना सुकवतं. पक्षी खातात ते हे सांडलेलं. म्हणजे काठावर माद्या विरळ असल्या तर प्रत्येकीची अंडी सुखरूप खाली राहतील, खेकड्याची जात टिकेल, आणि पक्षी उपाशी राहतील. पक्ष्याला खेकड्यांची गर्दी लागते.

मासेमारीच्या हिशेबात हे लवकर बसलं नाही. किती पकडले तर जात संपणार नाही, एवढंच पाहायचं ही तिथली रीत. १९९०च्या दशकात ट्रकच्या ट्रक भरून हॉर्सशू क्रॅब इथून गेले, ईल आणि शंखांच्या सापळ्यांत आमिष म्हणून. अंड्यांनी भरलेली मादी सगळ्यात चांगलं आमिष, म्हणून माद्यांना मागणी जास्त. आणि मादीला वयात यायला नऊ-दहा वर्षं लागतात, त्यामुळे आज काढलेली मादी भरून यायला दशक जातं. १९८९ मध्ये विमानातून केलेल्या मोजणीत या खाडीवर एका वेळी ९४ हजारांवर नॉट होते. २०२१ मध्ये ७ हजारांहूनही कमी. या दोन आकड्यांमधल्या वर्षांत अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१४च्या अखेरीला या पक्ष्याला धोक्यातली जात म्हणून जाहीर केलं.

दुर्बिणीतून एका नॉटच्या पायावर पोपटी झेंडी दिसली, तीन अक्षरांची. पोपटी म्हणजे अमेरिकेत घातलेली, नारिंगी म्हणजे अर्जेंटिनात. मी पहिली दोन अक्षरं वाचली तोवर कुरवांमुळे थवा उडाला. अशाच एका नारिंगी झेंडीवर बी-९५ लिहिलं होतं. त्या पक्ष्याच्या पायात पहिलं कडं घातलं १९९५ साली, तिएरा देल फ्वेगोवर, आणि २०१४ मध्येही तो दिसला. तोवर त्याचं उडणं पृथ्वी-चंद्र अंतराच्या पलीकडे गेलं होतं. मी त्याला कधीच पाहिलं नाही. तरी झेंडी दिसली की अजून दर वेळी आधी तीच अक्षरं शोधते.

दुपार झोपून काढली, कारण काम रात्री.

न्यू जर्सीत खेकड्याला हातसुद्धा लावायचा तर परवानगी लागते, म्हणून उलटे पडलेले खेकडे सुलटे करण्याच्या फेऱ्या नोंदवून, ठरलेल्या काठांवर, पक्षी झोपायला गेल्यावर निघतात. सूर्य खाडीत बुडाला आणि पाऊण तासाने मागच्या खाजणातून चंद्र वर आला. डोक्याला लाल दिवा लावून आम्ही वाळूत उतरलो. आईला मी काठावरच बसवणार होते. ती ऐकेना.

पाण्याच्या रेषेवर ढालींची ओळ लागली होती. जेवणाच्या ताटाएवढी मादी अर्धी वाळूत, तिच्या पाठीला पकडून लहानखुरा नर, आणि कडेने आणखी तीन-चार नर. ढालीवर ढाल आपटून नारळाच्या करवंट्या एकमेकींवर घासल्यासारखा आवाज. हळू, अखंड. एवढे हजारो जीव आणि तेवढाच आवाज.

लाटेने उलटलेला खेकडा शेपटीचा काटा वाळूत रोवून स्वतःला पालथं घालायला बघतो. बहुतेकांना जमतं. म्हाताऱ्यांना आणि दगडांच्या फटीत अडकलेल्यांना जमत नाही. सकाळी ऊन चढलं की कल्ले सुकतात, त्याआधी कुरव येऊन त्याला जिवंतपणीच टोचायला लागतात. काट्याला धरून उचलायचं नाही, सांधा निखळतो. ढालीच्या दोन्ही कडांना धरायचं. मी एक मादी उचलून आईसमोर धरली. खाली पायांच्या जोड्या सावकाश हलत होत्या, आणि त्यांच्यामागे पोथीच्या पानांसारखे एकावर एक कल्ले, ओले, मिटत आणि उघडत.

“कसली कुर्ली ही?”

कुर्ली नव्हेच. नात्याने कोळ्या-विंचवांच्या जवळची. हिचे पूर्वज ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात, तेव्हा जमिनीवर झाडंसुद्धा नव्हती. “आपल्याकडे नाही का गो?” कोकणात नाही, पण ओडिशाच्या बालेश्वरकडच्या किनाऱ्यावर आणि सुंदरबनात हिच्या दोन बहिणी आहेत. आईने मादीच्या ढालीवरून हात फिरवला, तिच्यावर चिकटलेले शिंपले चाचपले आणि म्हणाली, “सोड तिला, वेळ जातोय तिचा.”

तिला सोडलं तिथे वाळू ओंजळीत घेतली. निम्मी वाळू, निम्मी अंडी. मोहरीएवढी, हिरवी, बोटांवर चिकटणारी. दोन तासांत आम्ही दोघींनी १३७ खेकडे सुलटे केले. आकडा आईने ठेवला, दर दहाला एक खडा पदराच्या गाठीत.

२४ मे, शुक्रवार

सकाळी केप मेहून डेलावेअरमधल्या लुईसला जाणारी फेरीबोट. गाडीसकट दीड तासाचा प्रवास, खाडीचं तोंड ओलांडून. डाव्या हाताला उघडा अटलांटिक. त्या बाजूला खाडीच्या तोंडापुढे सुमारे १,५०० चौरस मैलांचा पट्टा २००१ पासून हॉर्सशू क्रॅब पकडायला बंद आहे. ज्यांनी आयुष्यभर या प्राण्याचा अभ्यास केला त्या कार्ल शूस्टर यांचं नाव त्याला दिलं आहे. पाण्यावर खूण कसलीच दिसत नाही. आई तरी तिकडेच बघत होती.

डेलावेअरचा नियम वेगळा. न्यू जर्सीने २००८ साली आमिषासाठी पकडणं कायद्याने पूर्ण थांबवलं. डेलावेअरमध्ये नर पकडता येतात. खाडी एक, खेकडे तेच, आणि दोन राज्यांचे दोन कायदे. म्हणून एकूण किती पकडायचे ते किनाऱ्यावरच्या राज्यांचा मिळून असलेला अटलांटिक मत्स्य आयोग ठरवतो. २०१२ मध्ये आयोगाने एक नवी पद्धत स्वीकारली, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात मोठं पाऊल तेच. खेकड्यांचा कोटा ठरवताना खेकड्यांबरोबर नॉटची संख्याही हिशेबात धरायची. एका जातीच्या मासेमारीचा निर्णय दुसऱ्या जातीच्या भुकेवर. तेव्हापासून या खाडीच्या खेकड्यांसाठी वर्षाला पाच लाखांच्या घरात नर आणि मादी शून्य, असं चाललं आहे.

हे ‘शून्य’ आपोआप टिकलेलं नाही. २०२२ मध्ये सुधारित हिशेब आला, त्यात खेकडे वाढलेत, काही माद्या पकडायला हरकत नाही, असं निघत होतं. लोकांनी ३४ हजारांवर पत्रं पाठवली. त्यांत एक माझं होतं. सुधारित पद्धत मंजूर झाली, पण पुढच्या वर्षीचा माद्यांचा आकडा आयोगाने शून्यच ठेवला. मला हे दर वर्षी पुन्हा लढायचं प्रकरण वाटतं, आणि ते कुठल्याही एका हिशेबावर सोडायला माझं मन तयार नाही. मोजणीत खेकडे वाढलेले दिसतील, पण काठावरच्या वाळूत वर आलेली अंडी वाढली का, हे बघायला हवं. नॉट खातो ती अंडी, समुद्रात पोहणारे खेकडे त्याच्या पोटात जात नाहीत.

मिस्पिलियन बंदराजवळ, स्लॉटर बीचला, एक निसर्गकेंद्र आहे. तिथल्या गच्चीवरून दगडी बांधाच्या आत इतके नॉट जवळून दिसले की दुर्बीण लागली नाही. केंद्राबद्दल आणखी लिहीत नाही, तिथला खरा प्रसंग बाहेरचा.

थोडं पुढे धक्क्यावर एक वयस्कर माणूस शंखांचे सापळे दुरुस्त करत बसला होता. आई थेट त्याच्यापाशी. ती मराठीत, तो इंग्रजीत, मधे मी. त्याने सापळ्यातली जाळीची पिशवी दाखवली. पूर्वी अख्खा खेकडा असाच टाकायचे, इतर मासे तो कुरतडून संपवायचे. आता तुकडा पिशवीत ठेवला की आमिष कितीतरी जास्त टिकतं, त्यामुळे खेकडे कमी लागतात. माद्या बंद झाल्या तेव्हा त्याला राग आला होता. “माझा बाप पण हेच करायचा, मग चोर मीच का ठरलो?” हे तो अजून म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यभराचा धंदा बदलायला सांगणं किती जड असतं ते हर्णै बंदरावर मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

आईने त्याला सांगितलं, आमच्याकडे १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. पावसाळा, माशाच्या विणीचा काळ. होड्या वर ओढून झापांनी झाकतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर मगच दर्यात घालतात. मी भाषांतर केलं. तो सापळा बाजूला ठेवून विचारत होता, “आणि कुणी आधी गेला तर?” आई म्हणाली, “जातात ना. त्यांच्यामुळेच तर बाकीच्यांच्या जाळ्यात काही येत नाही.” तो यावर बराच वेळ मान हलवत राहिला.

संध्याकाळी खोलीवर आईची इन्सुलिनची सुई. तेव्हा मी तिला निळ्या रक्ताचं सांगितलं. या प्राण्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून ते निळं. जिवाणूंच्या विषाचा अंश जरी लागला तरी ते गोठतं. फ्रेड बँग आणि जॅक लेव्हिन यांनी हे गेल्या शतकाच्या मध्यावर शोधलं, १९७७ मध्ये अमेरिकेत त्यावर आधारलेल्या चाचणीला मान्यता मिळाली आणि सशांवरच्या चाचण्या मागे पडल्या. आपल्याकडे बनणाऱ्या लशींना, सलाइनलाही विषाच्या अंशाची तपासणी चुकत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यावर वर्षाला दहा लाखांच्या आसपास खेकडे पकडून त्यांचं थोडं रक्त काढतात आणि परत सोडतात. सोडलेल्यांपैकी शंभरात पंधरा मरतात असं आयोग धरतो. सोडलेले म्हणून ते आमिषाच्या कोट्यात येतच नाहीत. रक्ताशिवाय, प्रयोगशाळेत बनवलेल्या घटकाने तीच चाचणी करता येते. त्याचा शोध सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकातच लावला होता. (आमच्या या प्रवासानंतर दोन महिन्यांनी, जुलै २०२४ मध्ये, अमेरिकी औषधसंहितेने त्याला वाट मोकळी करून दिली. तीस वर्षं गेली त्यात.)

आईने सुई टोचून घेतली. “आपलंही देणं निघतं म्हणजे तिचं,” म्हणाली आणि दिवा मालवला.

२५ मे, शनिवार

फेरीबोटीने परत. सुट्टीचा शनिवार-रविवार असल्यामुळे केप मेला गाड्यांची रांग होती. रीड्स बीचला पोचेपर्यंत दुपार उलटली.

पक्षी कमी दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, कमी नाहीत, भरलेत. दुर्बिणीतून बघितलं तर खरंच, बुधवारी लांबुडके दिसणारे नॉट आता गोल झाले होते. खाणं जवळजवळ थांबलेलं, पिसं साफ करत वाळूच्या जिभेवर उभे. मधेच सगळे एकदम उडायचे, चक्कर मारून परत बसायचे.

आईने घडीची खुर्ची मचाणावर आणली. आम्ही घरून आणलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी काढली, बाईंना दिली. वारा दक्षिणेकडून होता. सूर्य खाडीच्या जवळ आला तशी पक्ष्यांची बडबड वाढली. कुरव नव्हे, नॉटच, बारीक, घाईघाईचा आवाज, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा. मग पन्नासेक पक्षी उठले. नेहमीसारखी चक्कर मारून ते खाली आले नाहीत. वर, आणखी वर, गोल घेत. खालून आणखी काही जाऊन मिळाले.

“परत येतील?” आईने विचारलं.

“हे नाही. हे निघाले.”

खुर्चीतून उठून तिने पदर खोचला, हात कपाळावर आडवा धरला. थवा एक रेघ झाला, रेघेचं टोक वायव्येला वळलं. खाली उरलेल्यांतला एक नॉट पाण्याच्या कडेला अजून टिपत होता. एका पायाने लंगडा, बाकीच्यांपेक्षा बारीक. त्याच्यापुढे लाट मागे सरली आणि हिरव्या दाण्यांची ओळ वाळूवर उरली.